दाढ काढली की डोळे जातात?



गेले बारा-तेरा दिवस मी गप्प आहे. अगदी अक्षरशः गप्प. ज्या तोंडानं ३६ वर्षं वर्गात आरडाओरडा केला, ते तोंड आठवडाभर जवळजवळ बंदच होतं. (आमच्या ह्यांचं म्हणणं असं की लग्नाला ५१ वर्षं झाली, पण घरात एवढी शांतता पहिल्यांदाच अनुभवली!)

कारण साधंच आहे. खालच्या जबड्यातली उजवीकडची शेवटची दाढ काढली. नुसती ओढून नाही. हिरडी कापून, दाढेचे दोन तुकडे करून, हाडात अडकलेली मुळं सोडवून काढली. वर ३ टाके. आता तुम्ही म्हणाल, चौऱ्याहत्तराव्या वर्षी दाढ काढली यात लिहिण्यासारखं काय? दात पडायचंच वय ते. खरं आहे. पण ही दाढ मी दोन वर्षं तोंडात घोळवत ठेवली होती. दुखायची, सुजायची, मग गोळ्या घेतल्या की बसायची. मुलगा ओरडायचा, सूनबाई समजावायची, आणि मी म्हणायची, बघू दिवाळीनंतर. दोन दिवाळ्या गेल्या. शिकली-सवरलेली बाई, जन्मभर मुलांना इतिहास शिकवला, आणि एका दाढेला घाबरून बसले. का, ते आज सांगते. त्यासाठी मला माझ्या आजीकडे जावं लागेल.

आजी म्हणजे वडिलांची आई. कराड तालुक्यातल्या आमच्या खेड्यातच तिचा जन्म गेला. आम्हा बहिणींपैकी कुणाचाही दात दुखला की ती लवंग ठेवायची, मिठाच्या गरम पाण्याच्या चुळा भरायला लावायची, आणि एकच वाक्य बोलायची. "दाढ काडू नगंस गं पोरी. दाढ काडली की डोळं जात्यात. न्हाईतर जीव जातो."

डोळे जातात हे तर तुम्हीही ऐकलं असेल. घरोघरी म्हणतात. पण "जीव जातो" हे फक्त आमच्याच घरात म्हणत. त्याला कारण होती माझी आत्या.

आत्याला मी पाहिलं नाही. ती गेली १९३९ साली, मी जन्मले १९५१ ला. वय १९. माहेरी आली होती. खालची दाढ दुखायला लागली, गाल सुजला. बाजाराच्या दिवशी दात काढणारा एक माणूस बसायचा, त्यानं पक्कड घालून दाढ काढली. दोन दिवसांत सूज गालावरून हनुवटीखाली उतरली. गळा दगडासारखा कडक झाला, जीभ वर उचलली गेली, पाणी गिळेना, बोलता येईना. बैलगाडीतून कराडला आणलं. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, मिरजेला न्या. मिरजेला वॉन्लेस साहेबांचं मिशन हॉस्पिटल १८९४ पासून होतं आणि आपल्या भागात त्याचं मोठं नाव होतं. कराडचं रेल्वे स्टेशन गावाबाहेर, ओगलेवाडीकडं. तिथं गाडीची वाट बघत असतानाच आत्या गेली. आजीच्या मांडीवर.

आजीनं यातून एवढंच घेतलं की दाढ काढली म्हणून पोर गेली. आणि तीस वर्षं ती ते आम्हाला सांगत राहिली. मी बी.ए. झाले, नोकरीला लागले, पण ते वाक्य माझ्या डोक्यातून काही गेलं नाही.

मला ज्या मुलीनं शेवटी खुर्चीत बसवलं, ती माझीच विद्यार्थिनी. आता दंतवैद्य आहे. आठवीत माझ्या हातची छडी खाल्लेली. (तिनं ती आठवण मुद्दाम सुई हातात असताना काढली!) तिला मी भीत भीत विचारलं, अगं, डोळ्यांना काही होणार नाही ना? ती हसली नाही, हे मला फार आवडलं. म्हणाली, "बाई, दाताची नस वेगळी आणि दृष्टीची नस वेगळी. पण हा प्रश्न मला रोज कुणीतरी विचारतं. हे आलं कुठून, ते तुम्हीच शोधून सांगा. इतिहास तुमचा विषय."

मग काय, बाईंना गृहपाठ मिळाला. आठ दिवस पडून होते, तेव्हा तोच केला.

सुरुवात सुश्रुतापासून. सुश्रुतसंहितेत तोंडाचे रोगच ६५ मोजले आहेत. दातांसाठी दंतशंकू नावाचं हत्यार सांगितलं आहे. म्हणजे दात काढणं आपल्याकडं नवं नाही. पण त्याच ग्रंथात एक इशारा आहे, आणि तो वाचून मी उठूनच बसले. वरचा दात, विशेषतः घट्ट बसलेला, मुळासकट काढला तर रक्त फार जातं, आणि त्यातून माणूस आंधळा होतो किंवा त्याचं तोंड वाकडं होतं. म्हणून वरचा दात हलत असला तरी वैद्यानं काढू नये. म्हणजे आजीचं "डोळं जात्यात" दोन हजार वर्षांपासून चालत आलंय की काय? आजीला ना संस्कृत येत होतं, ना तिनं कधी ग्रंथ पाहिला. धागा सरळ जोडता येईल असा माझा दावा नाही. पण एवढं नक्की की ही भीती बावळटपणाची नव्हती. ज्या काळात रक्त थांबवणं अवघड होतं आणि जखम चिघळली तर उपाय नव्हता, त्या काळात वैद्यानं सांगितलेली ती सावधगिरी होती. काळ गेला, कारण गेलं, भीती मात्र राहिली.

दुखणाऱ्या दातात कीड असते, ही दुसरी जुनी समजूत. आमच्या लहानपणी भुईरिंगणीचं बी निखाऱ्यावर टाकून त्याचा धूर नळीनं तोंडात घ्यायला लावत, म्हणजे किडे गळून पडतात म्हणे. मला वाटायचं हे आपल्याच खेड्यातलं अडाणीपण. तसं नाही. युरोपातही शतकानुशतकं खुरासनी ओव्याच्या बियांची अशीच धुरी देत, आणि त्या बियांतून निघालेले पांढरे बारीक अंकुर म्हणजेच दातातले किडे असं समजत. पिएर फोशार नावाच्या फ्रेंच दंतवैद्यानं १७२८ साली दातांवर मोठा ग्रंथ लिहिला. त्यानं सूक्ष्मदर्शकातून पाहिलं आणि सांगितलं की मला किडे काही दिसले नाहीत. १७२८ म्हणजे आपल्याकडं पालखेडची लढाई झाली ते साल. (सवय जात नाही हो, साल दिसलं की जोडी लावायची.)

दात काढायचं काम तेव्हा सगळीकडं न्हावी, लोहार, बाजारातले फिरते लोक असेच करत. दात काढणं म्हणजे चार माणसांनी धरायचं आणि एकानं ओढायचं. वेदना हा त्याचा भागच होता. तो कसा गेला, ही गोष्ट मात्र दातवाल्यांचीच आहे.

अमेरिकेत हॉरेस वेल्स नावाचा एक दंतवैद्य होता. डिसेंबर १८४४ मध्ये तो हसवणाऱ्या वायूचा खेळ बघायला गेला. खेळात एकाच्या पायाला जखम झाली, पण त्या माणसाला कळलंच नाही. वेल्सनं ते टिपलं. दुसऱ्याच दिवशी त्यानं तो वायू स्वतः हुंगला आणि मित्राकडून स्वतःचीच दाढ काढून घेतली. दुखलं नाही! पण पुढच्या महिन्यात बोस्टनला मोठ्या डॉक्टरांसमोर प्रयोग करताना वायू कमी पडला, रोगी ओरडला, आणि सगळ्यांनी वेल्सची टर उडवली. तो त्यातून सावरला नाही. तीन वर्षांनी, १८४८ च्या जानेवारीत, त्यानं आयुष्य संपवलं. त्याचाच जुना भागीदार मॉर्टन, तोही दंतवैद्यच. त्यानं ३० सप्टेंबर १८४६ ला ईथर हुंगवून एकाचा दात न दुखवता काढला, आणि १६ ऑक्टोबरला बोस्टनच्याच मोठ्या इस्पितळात ईथर देऊन गळ्यावरची गाठ काढायची शस्त्रक्रिया झाली. पुढच्याच वर्षी, १८४७ मध्ये, ईथर कलकत्त्याला पोचलं.

पण दाढेसाठी सबंध माणूस बेशुद्ध कशाला करायचा? १८८४ साली व्हिएन्नात कार्ल कोलर यानं कोकेनचे थेंब घालून डोळा बधिर करून दाखवला. लगेच न्यूयॉर्कमध्ये हॉल्स्टेड नावाच्या सर्जननं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी खालच्या जबड्याच्या नसेजवळ कोकेन टोचून अर्धा जबडा बधिर केला. प्रयोग स्वतःवर करता करता हॉल्स्टेडला कोकेनचं व्यसन लागलं, आणि ती झुंज त्याला पुढं आयुष्यभर पुरली. मग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आइनहॉर्न या जर्मन रसायनतज्ज्ञानं व्यसन न लावणारं नोव्होकेन काढलं, आणि १९४३ साली स्वीडनमध्ये लोफग्रेन आणि लुंडक्विस्ट यांनी लिग्नोकेन. त्यातल्या लुंडक्विस्टनं ते आधी स्वतःलाच टोचून पाहिलं होतं. मला मिळालं ते हेच लिग्नोकेन. मुंगी चावल्यासारखं झालं, आणि पाच मिनिटांत ओठ कुणा दुसऱ्याचाच वाटायला लागला. यंत्राची घरघर, कटकट, थोडा दाब, एवढं कळत होतं. दुखणं नाही. त्या खुर्चीत डोळे मिटून मी वेल्सचा विचार करत होते. (तेव्हा नाव माहीत नव्हतं, पण कुणीतरी आधी सोसलंय एवढं जाणवत होतं.)

दाढ निघाली. तिनं ती धुऊन माझ्या हातात दिली. केवढीशी वस्तू, आणि केवढा धाक!

घरी येताना एक कागद दिला. पुढं काय करायचं ते लिहिलेला. मंडळी, माझं मत असं झालंय की दाढ काढणं हे डॉक्टरचं काम, पण त्यानंतरचे आठ दिवस सुखाचे करणं हे आपलं काम. तो कागद म्हणजे माझा आठ दिवसांचा अभ्यासक्रमच होता.

पहिलं कलम. जखमेवर ठेवलेला कापडाचा बोळा पाऊण तास घट्ट चावून धरायचा. चोवीस तास चूळ भरायची नाही, थुंकायचं नाही, नळीनं काही ओढून प्यायचं नाही. का? दाढ निघाली की त्या खड्ड्यात रक्ताची गुठळी बसते. तीच खालच्या हाडाचं पांघरूण. थुंकलं किंवा चोखलं की ती उचकटते, हाड उघडं पडतं, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी कानापर्यंत ठणका लागतो. तंबाखू, विडी, मिश्री यांनी हा धोका वाढतो. माझ्या सासूबाई दिवसातून चार वेळा मिश्री लावायच्या. एकदा दाढ काढून आल्या आणि संध्याकाळीच भाजलेली मिश्री बोटावर घेतली. चौथ्या दिवशीचं त्यांचं कण्हणं मला अजून आठवतं. आम्ही म्हटलं, डॉक्टरनं नीट काढली नाही. दोष डॉक्टरचा नव्हता, मिश्रीचा होता, हे आता कळतंय.

दुसरं कलम, बर्फ. पहिला दिवसभर गालावरून, कापडात गुंडाळून, पंधरा मिनिटं ठेवायचा आणि पंधरा मिनिटं काढायचा. सूनबाईनं फ्रिजमधून बर्फ काढला आणि माझ्या मनात आलं, हा तरी आपल्याकडं कधी आला? तर ऐका. बर्फाची कारखानदारी येण्याआधी मुंबईला बर्फ यायचा तो थेट अमेरिकेतून, बोस्टनहून! तिथली तळी हिवाळ्यात गोठली की बर्फाच्या लाद्या कापून, भुशात गुंडाळून जहाजानं पाठवत. ट्यूडर नावाच्या व्यापाऱ्याचा हा धंदा. १८३३ ला कलकत्त्याला आला, १८३४ ला मुंबईला. त्याच सुमारास जमशेटजी जीजीभाईंनी घरच्या मेजवानीत आईस्क्रीम वाढलं, आणि यजमान-पाहुणे सगळ्यांना सर्दी झाली अशी बातमी मुंबई समाचारनं छापली म्हणे. गंमत बघा, बर्फ बोस्टनचा आणि ईथरही बोस्टनचंच. माझ्या एका गालासाठी एका गावानं केवढी तरतूद करून ठेवली होती!

तिसरं कलम वाचून मात्र मला आजी आठवली. दुसऱ्या दिवसापासून कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून, जेवणानंतर हळूच चूळ. खळखळून नाही. पाणी तोंडात घ्यायचं, मान इकडून तिकडं करायची, आणि सोडून द्यायचं. आयुर्वेदात कवल आणि गंडूष सांगितले आहेत, त्यांची ही साधी बहीण. आजीची लवंगही वाया गेलेली नाही. लवंगेच्या तेलातला जो अंश बधिरपणा आणतो, त्याला युजेनॉल म्हणतात. उघड्या पडलेल्या हाडावर औषधी पट्टी ठेवतात, तिच्यात कितीतरी वेळा तेच असतं. म्हणजे आजी उपचारात चुकली नव्हती. ती चुकली निदानात.

बाकीची कलमं साधी. उशी उंच घ्यायची. दुखण्याची गोळी बधिरपणा पुरता उतरायच्या आत घ्यायची, ठणका सुरू व्हायची वाट बघायची नाही. रक्तदाबाच्या गोळ्या चालूच ठेवायच्या. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरला सांगायचं, आपल्या मनानं बंद करायची नाही. ओठ बधिर असेपर्यंत काही चावायचं नाही, नाहीतर आपलाच गाल चावला जातो.

पहिले दोन दिवस बरे गेले. आणि मग आली तिसरी रात्र.

रात्री दोनच्या सुमारास जाग आली. गालाला हात लावला तर आदल्या दिवशीपेक्षा जास्त सुजलेला. तोंड दोन बोटांपेक्षा जास्त उघडेना. आणि मंडळी, तुम्हाला खरं सांगते, मी ७४ वर्षांची राहिलेच नाही. मी ओगलेवाडीच्या स्टेशनावर होते. जिला मी कधी पाहिलं नाही ती आत्या मला दिसायला लागली. ह्यांना उठवलं नाही. सूनबाईलाच हाक मारली. तिनं माझ्या हातांचं कापणं बघितलं आणि सरळ डॉक्टरणीला फोन लावला. एवढ्या रात्री!

तिनं फोनवर एकेक प्रश्न विचारला. "बाई, पाणी गिळता येतंय? पिऊन दाखवा." गिळलं. "जीभ बाहेर काढा." निघाली. "ताप?" नव्हता. "हनुवटीच्या खाली दाबून बघा, दोन्ही बाजूंना दगडासारखं लागतंय का?" नाही, मऊ होतं. "श्वास?" नीट. मग म्हणाली, "सूज दोन-तीन दिवसांपर्यंत वाढतेच, मग उतरायला लागते. कागदावर लिहिलंय बघा. यातलं एकही उलटं असतं ना, तर मी तुम्हाला आत्ताच्या आत्ता इस्पितळात बोलावलं असतं. सकाळी येऊन दाखवून जा."

फोन ठेवला आणि मी रडले. भीतीनं नाही. ते प्रश्न ऐकताना मला कळलं होतं की आत्याला काय झालं होतं. तिचं प्रत्येक उत्तर उलटं आलं असतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरणीला सगळी हकिगत सांगितली. तिनं नाव सांगितलं. लुडविग नावाच्या जर्मन डॉक्टरनं १८३६ साली वर्णन केलेला हा आजार. खालच्या दाढेच्या मुळाशी झालेला पू जिभेखाली आणि हनुवटीखाली पसरतो, जीभ वर ढकलली जाते, श्वास कोंडतो. प्रतिजैविकं यायच्या आधी असे निम्म्याहून जास्त रोगी दगावत. आणि पुढचं वाक्य तिनं हळूच उच्चारलं. "बाई, तुमच्या आत्याचा गाल दाढ काढायच्या आधीच सुजला होता ना? मग विष आधीच पसरायला लागलं होतं. दाढ काढल्यानं त्या गेल्या असं म्हणता येणार नाही. दाढ उशिरा निघाली, अस्वच्छ हत्यारानं निघाली, आणि त्यानंतर द्यायला कुणाकडं औषधच नव्हतं."

मी नववीच्या वर्गाला दरवर्षी शिकवत असे, की एका घटनेनंतर दुसरी घडली म्हणून पहिली ही दुसरीचं कारण ठरत नाही. कारण शोधावं लागतं. फळ्यावर लिहून द्यायची मी हे. आणि माझ्याच घरातली सगळ्यात मोठी गोष्ट मी ८० वर्षांपूर्वीच्या दुःखानं वेड्या झालेल्या एका आईच्या शब्दावर तशीच धरून ठेवली होती.

औषध नव्हतं म्हणजे किती नव्हतं, तेही बघितलं. पेनिसिलिनचा गुण फ्लेमिंगला १९२८ मध्येच दिसला होता. पण ते माणसाला टोचण्याजोगं व्हायला १९४१ उजाडलं. ऑक्सफर्डला एक पोलीस, चेहऱ्यावरची जखम चिघळून मरायला टेकलेला. फेब्रुवारीत त्याला पेनिसिलिन दिलं, तो सुधारायला लागला, जेवायला लागला. आणि औषध संपलं. त्याच्या लघवीतून परत गाळून काढून तेच पुन्हा टोचलं, तरी पुरलं नाही. मार्चमध्ये तो गेला. आत्याच्या आधी नाही, दोन वर्षांनंतर. इंग्लंडातल्या इस्पितळात जे नव्हतं ते ओगलेवाडीच्या फलाटावर कुठून येणार? आपल्याकडं पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना १९५४ साली स्थापन झाला आणि पुढच्या वर्षी तिथं पेनिसिलिन तयार व्हायला लागलं. मी तेव्हा चार वर्षांची. म्हणजे ज्या दुखण्यानं आत्या गेली, त्याचं औषध मी बिगरीत जायच्या आतच आपल्या जिल्ह्याशेजारी तयार होत होतं. (आता मात्र डॉक्टरीणबाई बजावतात की ही औषधं ऊठसूट घ्यायची नाहीत. दाढ काढलेल्या प्रत्येकाला ती लागत नाहीत. सांगितली तर घ्यायची आणि दिलेले दिवस पुरे करायचे.)

आणि दंतवैद्य? कलकत्त्याला डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी दंतवैद्यकाचं कॉलेज काढलं ते १९२० साली. मुंबईत नायर रुग्णालयाचं दंत महाविद्यालय १९३३ चं. दंतवैद्यांचा कायदाच झाला १९४८ ला. आत्या गेली तेव्हा मुंबईचं ते कॉलेज सहा वर्षांचं होतं. आमच्या बाजारात पक्कड घेऊन बसणाऱ्या त्या माणसाला मी आता दोष देत नाही. दुसरं कुणी नव्हतंच. १९८० च्या दशकात आमच्या मलकापुरात कृष्णा रुग्णालय आणि वैद्यकीय महाविद्यालय उभं राहिलं, पुढं त्याच आवारात दातांचं कॉलेजही आलं. आज घरातून निघालं की रिक्षानं दहा मिनिटांत डॉक्टर. मिरजेच्या गाडीची वाट बघावी लागत नाही.

चौथ्या दिवसापासून सूज उतरली आणि माझ्या सुखाचे दिवस सुरू झाले. सुख म्हणजे काय? तर आयतं खाणं! पन्नास वर्षं मी सगळ्यांना रांधून वाढलं. आता सूनबाई विचारायची, "आई, आज काय?" पहिल्या दिवशी गार दूध आणि केळं कुस्करून. दुसऱ्या दिवशी तांदळाची पेज, कोमट, वर तूप. मग मऊ गुरगुट्या भात, मुगाचं वरण, दहीभात. चौथ्या दिवशी नाचणीची आंबील. पाचव्या दिवशी मी स्वतः मागितलं ते ज्वारीच्या कण्या आणि ताक. आजीच्या हातचं जेवण. एका घासाला डोळ्यांत पाणी आलं. सहाव्या दिवशी भाकरी दुधात कुस्करून. आठव्या दिवशी टाके निघाले आणि घरी आल्यावर पिठलं-भाकरी, डाव्या बाजूनं चावून.

मंडळी, या आठ दिवसांचा हिशेब मांडला तर त्यात वेल्सची दाढ आहे, हॉल्स्टेडचं व्यसन आहे, ऑक्सफर्डचा पोलीस आहे, बोस्टनचं तळं आहे. आजीची लवंग आणि मीठ आहे. आणि रात्री दोन वाजता हाकेला ओ देणारी सूनबाई आहे. यातलं शेवटचं जर घरात नसेल, तर बाकी सगळं असूनही माणूस घाबरून मरेल. आत्याजवळ फक्त तेवढंच होतं, आईची मांडी. बाकीचं यायला थोडा उशीर झाला.

डोळे? डोळे जिथल्या तिथं आहेत. हा लेख मी चष्म्याच्या जुन्याच नंबरवर लिहिला आहे.

आता शेवटचं, आणि ते एकीसाठीच. शालू, विट्याला बसून तू हे वाचते आहेस हे मला माहीत आहे. तुझी खालची डावी दाढ गेली दिवाळी सुजली होती, आणि तू फोनवर म्हणालीस, ताई, आजी काय म्हणायची आठवतंय ना? आठवतं गं. मीही तेच धरून बसले होते. पण आजीला माहीत असतं ना, तर तिनंच आत्याला पहिल्या दिवशी उचलून मिरजेला नेलं असतं. सूज येऊन-जाऊन असणं हे बरं होणं नव्हे. तू इकडं ये. दाखवू. काढायला सांगितली तर काढू. मी खुर्चीशेजारी उभी राहते, आणि घरी आल्यावर पेज मी करून देते. तूप घालून.